चौदा नंबरच्या दोन टाळ्या

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर आधी नुसतं धुकं आहे. कॉव्हेंट्रीच्या कडेचं विद्यापीठाचं मैदान, ऑक्टोबरातला रविवार, सकाळचे दहा. मग त्या धुक्यातून एकेक आकृती पुढे येऊ लागते. खांद्यांवर पॅड, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, अंगाने गोदरेजच्या कपाटाएवढी माणसं. चाळीस-पंचेचाळीस तरी असतील. चिखल असा की बुटांचा आवाज आधी येतो आणि माणूस मागून. या कपाटांच्या मधोमध एक उंच, सडपातळ मुलगा उभा आहे. निळ्या जर्सीवर चौदा नंबर. हा परीक्षित सबनीस. वय अठरा, मूळ मुक्काम वेस्ट लंडनमधलं हाउन्सलो, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, आणि त्यातलाही पहिलाच महिना.

आता बघा. चेंडू त्याच्या हातात आला. तीन पावलं मागे, खांदा वळला, हात सुटला. तो लांबट चेंडू स्वतःभोवती गिरकी घेत धुक्यात शिरला आणि चाळीस यार्डांवर पळणाऱ्या गड्याच्या पंजात असा उतरला, की त्या गड्याला पावलाची लय मोडावी लागली नाही. कडेला उभा असलेला कोच ग्रॅहम, ज्याचा जन्म दारोदार टपाल वाटण्यात गेला, तो "हं" म्हणाला. ग्रॅहमचा "हं" म्हणजे इतरांचा वन्स मोअर.

हा अमेरिकन फुटबॉल. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत त्याचे संघ आहेत, बघायला येणारे मात्र खेळाडूंचे आईबाप आणि एखादं कुत्रं. या खेळातला क्वार्टरबॅक म्हणजे नायकही तोच आणि सूत्रधारही तोच. प्रत्येक डावाआधी अकरा गडी डोक्याला डोकं लावून कोंडाळं करतात. क्वार्टरबॅकने तिथे डाव सांगायचा, पंचवीस सेकंदांत सगळ्यांनी आपापली जागा घ्यायची, आणि त्याने इशारा केला की मधल्या गड्याने, म्हणजे सेंटरने, दोन पायांमधून चेंडू मागे त्याच्या हातात द्यायचा. परीक्षित अकराव्या वर्षापासून वेस्ट लंडनच्या बागांमधून याच खेळाचा छोटा प्रकार खेळत आला होता. तिथे गडी पाच, धक्काबुक्की नाही. बोट दाखवलं की भागायचं. इथे अकरा होते, आणि घोडं पेंड खात होतं ते कोंडाळ्यात.

परीक्षित वाकला. "ट्रिप्स राइट..." डावाचं नाव एवढंच घेतोय तोच कुणीतरी शुक्रवारच्या पबमधला किस्सा काढला. हशा उसळला. परीक्षित थांबला. हशा ओसरला तसं त्याने जिथे सोडलं होतं तिथूनच वाक्य उचललं, तर ओवेनने बुटाच्या तुटलेल्या नाडीचा उद्धार सुरू केला. परीक्षित पुन्हा थांबला. शिट्टी वाजली. वेळ संपली. अकराही जणांना चिखलात वीस-वीस जोर.

ओवेन म्हणजे सेंटर. वेल्सचा, तिसऱ्या वर्षाचा, एकशे पंचवीस किलो वजन आणि लोण्याचं मन. जोर मारता मारता तो म्हणाला, "पॅरी, तू मधेच कशाची वाट बघतोस रे? बसची?"

"सॉरी."

"आणि सॉरी नको म्हणूस. तू सॉरी म्हणालास की पुढच्या वेळी पण वीस ठरलेले."

पुढच्या डावाला परीक्षितने ओरडून पाहिलं. आवाज मध्यावर फाटला. पोरांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या, पण डाव काय होता ते कुणालाच कळलं नाही. पुन्हा शिट्टी, पुन्हा वीस.

सराव संपल्यावर ग्रॅहमने त्याला बाजूला घेतलं. "तुझ्यासारखा हात या मैदानावर मी पाहिलेला नाही. पण चेंडू फेकायची वेळ तर यायला हवी ना. पुढच्या रविवारी आपसांत सामना. पहिला अर्धा कॅलम, दुसरा अर्धा तू. त्यानंतर पहिल्या मॅचला कोण खेळणार ते सांगेन."

कॅलम तिसऱ्या वर्षाचा क्वार्टरबॅक. हात बेताचा, पण आवाज असा की पलीकडच्या हॉकीच्या मैदानावरची मुलंही त्याच्या हुकमावर पळाली असती. या संघात पहिल्या वर्षाचा मुलगा हंगामाच्या पहिल्या मॅचला क्वार्टरबॅक म्हणून उतरल्याला अकरा वर्षं झाली होती. ते अकरा वर्षांचं कुलूप आपल्या हाताने उघडावं, एवढी एकच इच्छा परीक्षितला होती. आणि हाताची अडचणच नव्हती.

शुक्रवारी तो धुण्याची बॅग घेऊन हाउन्सलोला आला. आईवडील, अर्चना आणि संजय, कामावर. घरी आजोबा, विष्णू सबनीस. वय एकोणऐंशी. चौऱ्याहत्तर साली इथे आले, एकतीस वर्षं घराजवळच्याच विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये काढली. त्यांनी नातवापुढे टोस्ट ठेवला, त्यावर लसणाची चटणी पसरली आणि समोर बसले.

"आजोबा, माझी आवाज जात नाही," परीक्षित म्हणाला. त्याच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग अधूनमधून जागा बदलून बसतात. आजोबा तिकडे कानाडोळा करतात. "म्हणजे हात ओके आहे. पण ते सगळे मोठे आहेत माझ्यापेक्षा, थर्ड इयर. ते बोलत असतात, मग मी वेट करतो. मला असं मधे घुसता येत..."

छपरावरून विमान गेलं. कपाटातल्या बशा थरथरल्या. परीक्षितचं तोंड अर्धं उघडं राहिलं, आजोबांचा चमचा बरणीवर अडला. विमान पुढे गेलं.

"...नाही," परीक्षितने वाक्य पुरं केलं.

आजोबांनी चमचा खाली ठेवला. "आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"वाक्य मधेच सोडलंस, विमान जाऊ दिलंस आणि उरलेला शब्द मागाहून टाकलास."

"सगळेच करतात तसं."

"सगळे कुठले? हाउन्सलोचे करतात. आम्ही लहानपणापासून तुला तेच शिकवलं. वर आवाज झाला की थांब, तो जाईल. अरे, पण तुझ्या कॉव्हेंट्रीत तुझ्या डोक्यावर विमान कुठे आहे?"

परीक्षित हसायला लागला. मग एकदम हसायचा थांबला. कोंडाळ्यातला हशा, ओवेनची नाडी, कुणाचा खोकला. प्रत्येक आवाज तो महिनाभर छपरावरून जाऊ देत होता, आणि तिथे आवाजामागून आवाज येतच होते.

"मग ओरडू?"

"छे. ओरडणं आपल्या घरात कुणाला जमलंय?" आजोबा उठले आणि ड्रॉवर धुंडाळून दोन लाकडी तुकडे घेऊन आले. जुने, हाताच्या घामाने काळे पडलेले. "हे माहीत आहे तुला?"

माहीत कसं नसेल? लहानपणी त्याने ते वाजवून घर डोक्यावर घेतलं होतं. पण ते कशाचे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

तर मंडळी, विष्णू सबनीस बावीस वर्षं महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. नाटक व्हायचं हाउन्सलोच्याच एका चर्चच्या हॉलमध्ये, आणि वर विमानं. नायिका हंबरडा फोडायची, विमान आलं की तोंडाचा आ तसाच ठेवून उभी राहायची, विमान गेलं की उरलेला हंबरडा. खरी पंचाईत त्यानंतर. पुन्हा सुरू कोणी करायचं? एक तर दोघं एकदम बोलायचे नाहीतर कुणीच नाही. मग विष्णूंनी हे तुकडे आणले. विंगेतून टक, टक. आणि लगेच पुढचं वाक्य, हळू आवाजात, एकदाच.

"एकदाच?"

"एकदाच. यमुनाबाई मोठ्या नटी होत्या, पण पाठांतराच्या नावाने शंख. पहिल्या खेळाला माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, की हा परत सांगेल. मी नाही सांगितलं. दुसऱ्या खेळापासून लाकूड वाजलं की कान माझ्याकडे. आणि त्या सगळ्यांत मीच लहान होतो बरं का. कुणी डॉक्टर, कुणी बँकेत, मी शेडमधला हमाल. पण लाकूड वाजलं की डॉक्टर गप्प."

"त्यांना राग नाही यायचा?"

"कशाला येईल? अडलेल्याला शब्द हवाच असतो. फक्त तो आत्ता येणार आहे, हे आधी कळायला लागतं."

परीक्षितने दोन्ही तुकडे एकमेकांवर आपटून पाहिले. "आणि ऑडियन्सला ऐकू जायचं?"

"लाकूड जायचं. मी नाही. खेळ संपला की मी पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी धरून विचारायचो, माझं काही ऐकू आलं का हो? नाही म्हणाले की मगच चहा घ्यायचो."

"पण तुमच्या अंगावर येऊन कुणी टॅकल नव्हतं करत."

"एकदा अख्खा पडदा अंगावर आला होता," आजोबा म्हणाले.

रविवारी संजयने गाडी काढली. मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची मांडली, तिच्यात माकडटोपी घालून आजोबा, मांडीवर थर्मास. कॅलमचा अर्धा संपला तेव्हा त्याच्या खात्यात दोन टचडाउन होते, म्हणजे दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे गेला होता, आणि त्याचा प्रत्येक डाव खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू आला होता. "नाटकात असता तर नायक झाला असता," आजोबा संजयला म्हणाले.

मग चौदा नंबर आत गेला. त्याने ओवेनला आधीच सांगून ठेवलं होतं, "मी दोन टाळ्या वाजवीन. मग डाव सांगेन, एकदाच. आणि जागा घेतल्यावर पुन्हा दोन टाळ्या, की चेंडू दे."

कोंडाळं झालं. टाळी, टाळी. कुणीतरी म्हणालं, "वाढदिवस कुणाचा आहे?" आणि दहा हेल्मेटं हसली. परीक्षित थांबला नाही. हशाच्या पोटातच त्याने डाव सांगितला आणि जागेवर निघाला. अर्ध्यांनी ऐकलाच नव्हता. एक उजवीकडे पळाला, एक डावीकडे, आणि समोरचे दोन दांडगे थेट परीक्षितच्या छातीवर. तो चिखलात आडवा. खुर्चीतला थर्मास हलला.

ओवेनने त्याला हात देऊन उभं केलं. "काय डाव होता?"

"सांगितला होता मी."

"परत सांग की."

"नाही. पुढचा सांगेन."

ओवेनने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग वळून गरजला, "ए, तोंडं बंद. हा पोरगा एकदाच सांगतो."

टाळी, टाळी. अकरा डोकी आत झुकली, इतकी की हेल्मेटला हेल्मेट लागलं. डाव गेला. नऊ यार्ड. टाळी, टाळी. चौदा यार्ड. ग्रॅहमने घड्याळावर नजर टाकली. पंचवीसपैकी अकरा सेकंद उरलेले. कॅलमला कधी चारच्या वर उरले नव्हते.

शेवटचा डाव. शेवटची रेषा तीस यार्ड पुढे, आणि कोंडाळं होतं न होतं तोच उत्तरेकडून एअर ॲम्ब्युलन्सचं हेलिकॉप्टर आलं, इतकं खालून की गवत आडवं झालं. आजोबा संजयला काहीतरी सांगत होते. "आता हा बहुतेक डावीकडे..." एवढं म्हणून ते सवयीने थांबले. संजयही थांबला. संपूर्ण मैदानात फक्त हे दोन हाउन्सलोकर तोंड अर्धं उघडं ठेवून वर पाहत होते. मग आजोबांची नजर खाली आली. अकरा डोक्यांच्या मधे जाळीच्या आड नातवाचे ओठ हलत होते. एकदाही न अडखळता. कोंडाळं फुटलं. टाळी, टाळी. ओवेनने चेंडू दिला, समोरची भिंत कोसळली, आणि तिच्यावरून तो चेंडू गिरकी घेत निघाला. रेषेपलीकडच्या कोपऱ्यातल्या गड्याने फक्त दोन्ही हात पुढे केले.

हेलिकॉप्टर गेलं तेव्हा कळलं की मैदानात किती आरडाओरडा चाललाय.

"डावीकडेच," आजोबांनी वाक्य पुरं केलं, आणि माकडटोपीच्या कडेने डोळे पुसले.

ग्रॅहमने सगळ्यांना गोळा केलं. भाषण चार शब्दांचं. "पहिली मॅच, चौदा नंबर." कॅलम पुढे आला. त्याच्या मनगटावर डावांची यादी असलेला पट्टा होता, दोन वर्षांच्या घामाचा. त्याने तो सोडला आणि परीक्षितच्या मनगटावर स्वतः बांधला. "मला पण एकदाच सांग," तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यापासून मी तुझे चेंडू झेलायला पळणार आहे."

चिखलाने माखलेला परीक्षित खुर्चीपाशी आला. हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले. संजय फोटो काढत होता. परीक्षितला फोटोत यायचं नव्हतं. तो आजोबांसमोर उकिडवा बसला.

"आजोबा, माझं काही ऐकू आलं का हो?"

आजोबांनी थर्मास त्याच्या हातात दिला.

"एक अक्षरसुद्धा नाही. चहा ओत."