यमुनाबाईंचे ‘पुन्हा’

तीन आठवड्यांपूर्वी, दुपारच्या टपालात, कचेरीच्या पत्त्यावर एक कार्ड आले. अक्षर सिंधूचे होते. ‘आई गेली. दोन दिवस दवाखान्यात होती. त्रास फार झाला नाही. आपल्याला कळवावे असे तिने सांगितले होते.’ एवढाच मजकूर. अशी कार्डे वाचून लगेच फाडून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ते फाडले नाही. दोनदा वाचले आणि चाकणची मोटार किती वाजता सुटते याची चौकशी केली.

सिंधूची आई म्हणजे यमुनाबाई. भामा नदीच्या काठी, चाकणपासून तीन-साडेतीन मैलांवरच्या गावात त्यांची थोडी बागायत होती. कांदा आणि भाजीपाला. नवरा लवकर गेलेला, मुलगी एकच, घरात धाकटा दीर धोंडिबा आणि त्याचा संसार. वय पंचेचाळीसच्या आसपास असावे... नोंद कुठेच नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि सहीच्या जागी त्या अंगठा देत. असे असूनही चाकणच्या पंचक्रोशीत हायस्कूल म्हणजे काय, तिथे मूल टिकवायचे तर घरच्यांनी काय करायचे, हे शेतकऱ्यांच्या घराघरांत ज्यांनी पोहोचवले त्यांत पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागेल. मी त्या हायस्कूलात पाच वर्षे इंग्रजी शिकवत होतो आणि हे काम माझे होते. ते त्यांनी केले, म्हणून ही नोंद.

इंग्रजी तेव्हा आठवीपासून सुरू होई. खेड्यातल्या शाळेत सातवीपर्यंत पहिल्या नंबराने आलेली मुले आमच्याकडे येत आणि सहामाहीला इंग्रजीत नापास होत. घरी कोणी लक्ष देत नाही, असे माझे निदान होते, आणि ते मी शिक्षकांच्या खोलीत ठामपणे मांडत असे. एका शुक्रवारी मी आठवीच्या वर्गाला सांगितले, “उद्या येताना पालक घेऊन या. काम आहे.” दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा, त्यातून बाजारचा दिवस. वर्गात आलो तर टेबलावर पालकाच्या चार जुड्या ठेवलेल्या, आणि दाराशी एक बाई डोक्यावरची पाटी उतरवत उभी. पाटीत आणखी पालक होता, ओल्या फडक्याखाली.

“पोर म्हनली, मास्तरांनी पालक मागितलाय,” त्या म्हणाल्या. “म्हनलं साळंत येवढी मानसं, जुडीनं काय व्हतंय. पाटीच आनली.”

वर्ग हसला. शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले, तेही हसले. मागच्या बाकावर सिंधूने मान खाली घातली होती. मी सांगितले की पालक म्हणजे भाजी नव्हे, मुलांना पाळणारे, मुलांचे आईवडील. हसणे थांबेपर्यंत यमुनाबाई थांबल्या. त्या लाजल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मग म्हणाल्या, “असं व्हय. मंग आईबापाला घिऊन या, असं म्हनायचं की मास्तर. आमी काय जुडी बांधून इकाया ठिवल्यात?” या वेळी वर्ग हसला तो माझ्याकडे पाहून. त्या सकाळी चाळीस घरांपैकी कोणाच्या घरून कोणी आलेच असेल तर त्या एकट्या, आणि त्याही भाजी द्यायला. घरच्यांचे लक्ष नाही हे माझे निदान चुकीचे होते. निरोप पोहोचला होता, शब्द पोहोचला नव्हता.

आल्याच आहेत तर बोलावे म्हणून मी त्यांना सिंधूचा चाचणीचा पेपर दाखवला. सगळीकडे तांबडी शाई. घरी अभ्यास घ्यायला हवा, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “मला मराठी वाचाया येत न्हाई, विंग्रजी कुटनं घिऊ?” बोलणे संपवावे एवढ्याच हेतूने मी म्हणालो, “रोज अर्धा तास तिला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही नुसत्या ऐका.” हा सल्ला मी विचारपूर्वक दिला असे पुढे अनेकांनी लिहिले-बोलले आहे. ते खरे नाही.

यमुनाबाईंनी मात्र तो वैद्याच्या पुडीसारखा घेतला. दिवेलागणीला ओट्यावर बसून त्या डाळ-तांदूळ निवडत आणि सिंधू समोर बसून वाचे. अर्थ कळत नसल्याने त्यांचे सगळे ध्यान आवाजाकडे. मुलगी कुठे सरळ जाते, कुठे पाय अडखळल्यासारखी थांबते, कुठे न येणारा शब्द पुटपुटत गिळते, हे त्यांना बरोबर कळू लागले. तिथे त्या एकच शब्द बोलत, “पुन्हा.” मग सिंधू ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा. महिन्याभराने बाजारच्या दिवशी त्या शाळेत आल्या, या वेळी पाटी बाहेर ठेवून. “मास्तर, म्हातारीच्या धड्यात येक शब्द हाय. पोर येक दिस म्हनती डाऊगटर, दुसऱ्या दिशी म्हनती डॉटर. त्यातला खरा कंचा?” डॉटर, मी सांगितले. लिहितात एक आणि म्हणतात दुसरे, म्हणून ती घोटाळते. “आन् त्याचा अर्थ?” लेक, मी म्हणालो. त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला आणि पाटी उचलून बाजारात गेल्या.

मी तीन महिने सिंधूला शिकवत होतो. ती हा शब्द दोन तऱ्हांनी वाचते हे माझ्या लक्षात आले नव्हते.

पुढच्या सभेच्या सूचनेत ‘पालक’ हा शब्द नव्हता. ‘मुलांच्या आईबापांनी यावे’ असे लिहिले आणि मुलांकडून तसेच पाठ म्हणवून घेतले. तरी माणसे येईनात. कारण यमुनाबाईंनी सांगितले. साळंची पायरी चढायची तर पायताण कुठं काढायचं, बसायचं कुठं, मास्तर काय इचारतील, याचे भय होते. त्यांनीच तोड काढली. कांदा विकून झाला की बाजाराच्या कडेला लिंबाखाली माणसे भाकरी खायला टेकतात, तिथे मी जायचे. पहिल्या शनिवारी सात-आठ माणसे होती. दोन महिन्यांत झाडाची सावली पुरेना. मी बोलायचो, आणि मी बोललेले यमुनाबाई पुन्हा सांगायच्या. लोक ऐकत ते त्यांचे.

शाळेचा एकेक शब्द त्या माझ्याकडून उलगडून घेत. प्रगतिपुस्तकावर ‘वर्गोन्नती दिली’ असा शिक्का असे. नापास झालेल्या, पण वरच्या वर्गात बसू दिलेल्या मुलाच्या नावापुढे तो मारीत. उन्नती म्हटल्यावर काहीतरी मान मिळाला असे समजून दोन घरांनी गावात गूळ वाटला होता. यमुनाबाईंनी त्याचा अर्थ लिंबाखाली सांगितला तो असा, “ह्यो शिक्का म्हंजी पोरगं वर ढकललंय. चढलेलं न्हाई.” मला हे एका पानात सांगता आले नसते. एकदा कोणी थट्टा केली, “यमुनाक्का, तू तर मास्तरीन झाली. छडी कुटंय तुजी?” त्या लगेच म्हणाल्या, “ठिवलीया की. पन ती पोरान्ला न्हाई, सांजच्याला पोराला गुरामागं धाडतो त्या बापाला.” हसलेल्यांत तो बापही होता, आणि पुढच्या शनिवारी त्याने स्वतःहून सांगितले की गुरे आता धाकटा भाऊ पाहतो.

सिंधू अकरावीत, शालान्त परीक्षेच्या वर्गात गेली त्या वर्षाचा प्रसंग सविस्तर सांगितला पाहिजे. शालान्त परीक्षेला इंग्रजी सोडून बसता येत असे. अर्जात त्या विषयापुढे ‘ऐच्छिक’ असे छापलेले होते. पुष्कळ मुले तो विषय सोडत आणि पास होत. नंतर कॉलेजचे दार त्यांना बंद असे, हे घरी कोणाला माहीत नसे. सिंधूला पुण्याला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते आणि तिथे इंग्रजी लागत होते. अर्जावर घरातल्या कर्त्या माणसाची सही लागे, ती धोंडिबाने केली, इंग्रजीवर काट मारून. कारकुनाने त्याला ‘तुमच्या इच्छेवर आहे’ असे सांगितले होते आणि त्याची इच्छा पुतणी पास व्हावी अशी होती. अर्ज सोमवारी पुण्याला जायचे होते. रविवारी सकाळी यमुनाबाईंनी निरोप पाठवला आणि मी सिंधूचा अर्ज घेऊन सायकलवर त्यांच्या गावी गेलो.

धोंडिबा वाईट माणूस नव्हता. त्याचे म्हणणे साधे होते. “मास्तर, विंग्रजीत आडली तर आख्खी नापास. गावातली पयली पोर साळंत गेल्याली, समद्यांचं डोळं तिच्याकडं. बिनविंग्रजीची पास झाली तर काय बिघाडलं?” मी विद्यापीठ, प्रवेश, पात्रता असे काहीतरी सांगू लागलो. तो मान हलवत होता, म्हणजे ऐकत नव्हता. यमुनाबाई म्हणाल्या, “मास्तर, तुमी जरा थांबा. सिंदे, पुस्तक आन. भावजी, तुमी ऐका. कुटं अडली तर सांगा.”

सिंधूने एक पान वाचले. मग यमुनाबाईंच्या खुणेवरून दुसरे. धोंडिबा आधी जमिनीकडे पाहत होता, नंतर तिच्या तोंडाकडे पाहू लागला. दुसरे पान संपल्यावर यमुनाबाईंनी विचारले, “भावजी, किती ठिकानी अडली?”

त्याने पुस्तकाकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, “न्हाई अडली.”

“मंग परीक्षेत का अडंल?”

या युक्तिवादात दोष होता. परीक्षेत मोठ्याने वाचायला कोणी सांगत नाही. तिथे लिहावे लागते, आणि सिंधूचे लिहिणे तेव्हा बेताचेच होते. मला तो दोष दिसत होता. मी तो दाखवला नाही. धोंडिबाने अर्ज माझ्याकडून घेतला, मारलेली काट कशी काढायची ते विचारले, आणि त्या जागेच्या बाजूला पुन्हा सही केली. “नापास झाली तर मी तुमच्या दारात येऊन बसन, मास्तर,” एवढे मात्र म्हणाला.

निकाल लागला तेव्हा सिंधू इंग्रजीत काठावर पास झालेली होती. वर्तमानपत्री भाषेत याला घवघवीत यश म्हणण्याचा मोह होतो, पण काठावर हे काठावरच. ती पुण्याला गेली, शिकली, आणि आता तळेगाव दाभाड्याच्या एका दवाखान्यात नोकरी करते. त्याच सुमारास मी शाळा सोडून पुण्यात वर्तमानपत्राच्या या धंद्यात आलो. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता आणि इंग्रजी अर्ज भरता येणाऱ्या मुलांची विचारपूस गावोगाव होऊ लागली होती. यमुनाबाईंच्या ओट्यावर संध्याकाळी शेजारची चार-पाच मुले वाचायला बसतात, असे कोणाकडून तरी कळत असे. एकदा कांद्याच्या गाडीबरोबर त्या पुण्याला आल्या तेव्हा कचेरीत येऊन गेल्या. मी काय करतो ते पाहिले. एक बातमी मोठ्याने वाचून दाखवायला लावली. मध्येच म्हणाल्या, “इथं तुमीच अडलात, मास्तर.” ते वाक्य मी बदलले. ते खरोखरच वाईट होते.

कार्ड आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. सिंधूने शेवटचे दोन दिवस सांगितले. ती नोकरी करते त्याच दवाखान्यात यमुनाबाईंना ठेवले होते. डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहिले आणि खाटेच्या पायथ्याशी लावले. यमुनाबाईंनी लेकीला तो कागद वाचायला सांगितला, आहे तसा, इंग्रजीत. सिंधूने वाचला. रोज असे कागद ती वाचते, तिला त्यात काही अवघड नव्हते. एका ठिकाणी मात्र आवाज थांबला. क्षणभरच... तिने लगेच पुढचे वाचले. यमुनाबाईंनी अर्थ विचारला नाही. ‘पुन्हा’ असेही म्हणाल्या नाहीत. लेकीचा हात हातात घेतला आणि धोंडिबाला बोलावून घ्यायला सांगितले. सिंधू हे सांगताना रडली नाही. “तिला काही सांगावं लागलं नाही,” एवढेच म्हणाली.

आम्ही ओट्यावर बसलो होतो. दिवेलागण झाली तशी शेजारची मुले आली, सवयीने, पुस्तके काखेत धरून, आणि घरातली माणसे पाहून अंगणातच थबकली. आतून कोणी बाई म्हणाल्या, घरात सुतक आहे, आज कसला अभ्यास, जावा घरी. मुले वळली. धोंडिबा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “वाचाया सुतक नसतंय. बसा.”

आठवीतली एक मुलगी कंदिलाजवळ सरकली आणि वाचू लागली. आम्ही सगळे ऐकत होतो. त्यातल्या फार थोड्यांना काही कळत होते. अर्धे पान गेल्यावर ती एका शब्दाशी अडली. धोंडिबाने तोंड उघडले आणि मिटले. मुलीने यमुनाबाई निवडत बसत त्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिले, बोट ओळीच्या सुरुवातीला नेले आणि वाक्य पहिल्यापासून वाचले.