राखून ठेवलेली खुर्ची

पासिर रिसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या त्या गजबजाटात, ती फ्रेंच कादंबरीकार रोज समोरच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवायची. इथे पाकीट ठेवलं की जागा राखली! सत्तरीची बाई, ओठ लालभडक. तीन नवरे, एक प्रेयसी आणि प्रत्येकावर कादंबरी. मी तर तिच्यावर फिदाच.

"आज कोणता प्रियकर येणार, मॅडम?" मी डोळे मिचकावले.

"मुलगी. याच शहरात, बुकित पंजांगला राहते."

"मग येत का नाही?"

"तिचं पहिलं प्रेम मी छापलं." तिने कॉफी ढवळली. "पुस्तक छान खपलं."

त्या शनिवारी मराठी मंडळात मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि ओघात आमच्या लेकीच्या पहिल्या प्रेमाचाही. प्रचंड हशा पिकला. पहिल्या रांगेतली लेकीची खुर्ची तेवढी रिकामी झाली.