सदर पत्त्यावर खड्डा आहे

तुरुंग खात्यातल्या एका साहेबांची मी स्वीय सहायक होते. नोकरी कुठे म्हणून कुणी विचारलं आणि मी सांगितलं, की समोरच्या बाईचे डोळे मोठे व्हायचे. "म्हणजे रोज कैदी बघतेस तू?" मी एकही कैदी बघत नव्हते. घाटकोपरच्या एका सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून मी साहेबांचे फोन घ्यायचे, त्यांच्या बैठका जुळवायचे आणि फायली आत-बाहेर करायचे. कैदी माझ्यापर्यंत यायचे ते कागदावर, आवक क्रमांक लावून.

साहेब वाईट नव्हते. लाच नाही, आरडाओरडा नाही. एकच खोड होती. फाइल जरा अडचणीची वाटली की ते हिरव्या शाईनं एक शब्द लिहायचे: "चर्चा". म्हणजे मी फाइल घेऊन आत जायचं आणि विषय समजावून सांगायचा. पण चर्चेला साहेब खुर्चीत तर हवेत! आज पुण्याला बैठक, उद्या व्हिडिओ कॉन्फरन्स, परवा कुठलीशी समिती येणार म्हणून सगळ्या मजल्यावर फिनाइलचा वास. माझ्या कपाटात "चर्चा"वाल्या फायलींचा एक अख्खा कप्पा होता. सकाळी कपाट उघडलं की माझं डोकंच उठायचं.

त्यातच मंगळवार. मंगळवारी दुपारी तीन ते पाच लोकांना भेटायची वेळ, आणि मंगळवारी ते म्हातारे यायचेच. भांडुपला राहायचे, मूळचे मालवणकडचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हातात कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी. मुलगा शिक्षा भोगत होता. शिक्षा झालेल्या कैद्याला वर्षातून काही दिवस घरी जाता येतं, त्याला संचित रजा म्हणतात. त्या रजेचा अर्ज आमच्याकडे आलेला होता.

"मॅडम, आमच्या अर्जाचा काय झाला?"

"बाबा, ते टेबल माझं नाही. त्या कोपऱ्यात विचारा."

"थयसरले साहेब जेवायला गेलेत."

तेव्हा पावणेचार वाजलेले असायचे. मी "बसा" म्हणायचे. ते बाकावर बसायचे, पाचला उठायचे, जाताना मला हात जोडायचे. त्या हात जोडण्यानं मला जास्तच चीड यायची. भांडले असते तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

असे सहा-सात मंगळवार गेले. एका मंगळवारी मी साहेबांचं भाषण टाइप करत होते. कैद्यांचं पुनर्वसन, कुटुंबाशी नातं टिकवण्याचं महत्त्व, असलं काय काय. साहेबांनी ते चौथ्यांदा बदलायला पाठवलं होतं आणि तेवढ्यात म्हातारे पुढ्यात येऊन उभे राहिले. माझा तोल गेला.

"दर मंगळवारी येऊन काय होणार आहे, बाबा? रजा आज नाही तर पुढच्या महिन्यात मिळेल. एवढी काय घाई आहे?"

ते म्हणाले, "घरात बायको विसराक लागलीहा, मॅडम. नणंदेक वळखीत नाय, शेजारणीक वळखीत नाय. झिलाचा तोंड अजून आठवता तिका. तवसर एकदा बघूक मिळांदे."

मला जे सुचलं ते रागाचंच. "अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

"अर्जात तसो रकानो नाय हुतो."

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. फाइल माझ्याच कप्प्यात निघाली. आत पोलिसांचा अहवाल होता: "सदर पत्त्यावर चाळ अस्तित्वात नसून खड्डा आहे. कैद्याचे नातेवाईक मिळून आले नाहीत. रजा मंजूर करू नये." खाली आमच्या कारकुनाची "नामंजूर करण्यास हरकत नाही" अशी टिप्पणी आणि त्याखाली हिरवा शब्द. मी अहवाल दोनदा वाचला. मग त्या पोलीस ठाण्यात फोन लावला आणि संबंधित हवालदाराला शोधून काढलं.

"मॅडम, मी काय खोटं लिहिलंय का?" तो म्हणाला. "चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खड्डाच आहे तिथे. पाणी पण साठलंय, पाहिजे तर फोटो पाठवतो."

"अहो, पण माणसं कुठे गेली ते विचारलंत का कुणाला?"

"ते तुमच्या पत्रात नव्हतं ना."

"मग आता विचारा!"

"तसं पत्र पाठवा."

पत्र मी लगेच केलं, पण सही साहेबांची हवी. आत पाठवलं तर दोन दिवसांनी परत आलं. "फेरतपासणी" खोडून "फेरचौकशी" केलं होतं, सही नव्हती. सुधारून पाठवलं, तर साहेब समितीबरोबर नाशिकला. पुढच्या मंगळवारी म्हातारे येऊन बसले. आता कुठे राहता एवढं मी विचारलं; चाळकऱ्यांना खड्ड्यापासून एका गल्लीवर, ट्रान्झिट कॅम्पात तात्पुरत्या खोल्या दिल्या होत्या. मग मी मान खाली घालून उगाचच कागद चाळत राहिले.

शेवटी गुरुवारी साहेब निघालेले दिसले तशी मी पत्र घेऊन लिफ्टकडे धावले. दार मिटत होतं, मी पाय मध्ये घातला. आयुष्यात पहिल्यांदाच असलं काही करत होते.

"सर, एक सही."

"उद्या बघू ना, मॅडम. पोलीस अहवाल प्रतिकूल आहे त्यात."

"सर, घर पाडलंय त्यांचं. माणसं ट्रान्झिट कॅम्पात आहेत, एका गल्लीच्या अंतरावर. आईला विसरायचा आजार आहे. मुलगा तिच्या लक्षात आहे तोवर त्याला घरी जाऊ द्यायचंय. बास, एवढीच चर्चा आहे."

लिफ्ट पीं पीं करायला लागली. साहेबांनी पत्र भिंतीला टेकवलं आणि सही केली. वर मलाच म्हणाले, "अहो, हे आधी का नाही सांगितलंत?"

मी पाय काढून घेतला. लिफ्ट गेली. जिन्याशी उभी राहून मी मोठ्यानं जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हवालदार त्याच आठवड्यात कॅम्पात जाऊन आला. अहवाल अनुकूल झाला, एकवीस दिवसांची रजा मंजूर झाली. त्यानंतर म्हातारे कितीतरी दिवस फिरकले नाहीत. मंगळवारी तीन वाजले की माझं लक्ष बाकाकडे जायचं. आपण कुणाची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर स्वतःचाच राग यायचा.

मग एकदा आले. पिशवी नव्हती. मी त्यांना बाकावर न बसवता माझ्यासमोर खुर्ची दिली.

"ओळखलं का त्यांनी?"

"पयले आठ दिवस बिल्डरचो माणूस समजली त्याका. रोज चाय दिली आणि विचारल्यान, आमका घर कधी देतलास? तोय सांगी, देतलंय, काकी." ते हसले. "मग एक दिवस त्याच्या डोक्यावरसून हात फिरवल्यान. म्हणता, केस किती वाढवलंस रे, जा कापून ये. गेलो बिचारो. कापून इलो तर परत बिल्डरचो माणूस."

एवढे मंगळवार, एवढे कागद, आणि पदरात पडलं ते केस कापून येण्याइतकं. पण म्हातारे समाधानी दिसत होते, आणि त्याचंही मला कोडंच पडलं.

"वेळेवर परत हजर झाला ना?" मी विचारलं. सरकारी सवय, दुसरं काय.

"सकाळीच गेलो. मुदत संध्याकाळची हुती. तोच म्हणालो, उशीर झालो तर फुडच्या वर्षाची फाइल अडकात."

आतून साहेबांची बेल वाजली. मी उठले नाही. शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले.