जीनच्या घरचं रिंगण

“घरी विचारून सांगते,” असं ती म्हणायची आणि म्हणताना एप्रनची नाडी बोटाला गुंडाळायची. कुणी बिस्किट पुढं केलं तरी हेच. बिस्किटासाठी घरी काय विचारायचं? पण तोंडाला सवयच झाली होती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण ऐकतो, हसतो आणि कामाला लागतो. मीही हसायची.

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या ट्रेडिंग इस्टेटवर, एका कारखान्यात, आम्ही दोघी अत्तराच्या बाटल्या खोक्यांत भरायचो. ती साताऱ्याकडची, लग्न होऊन इथं आलेली. शाळेत जाणारी एक मुलगी. नवरा सकाळी गेटवर सोडायचा आणि संध्याकाळी तिथूनच घेऊन जायचा. तिचा पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. हे तिनंच मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं तसं.

लाइनवर समोर जीन बसायची. साठीला आलेली, खणखणीत हसणारी इंग्रज बाई, गळ्यात पाच टोकांची चांदीची चांदणी. एकदा लंचला हिनं डबा उघडला नाही, तेव्हा जीननं कारण विचारलं.

“संकष्टी आहे. चंद्र बघून जेवायचं.”

“आणि ढग असले तर?”

“मग सासूबाई सांगतील तेव्हा चंद्र उगवतो.”

जीन हसली नाही. म्हणाली, “मीसुद्धा चंद्राची वाट बघते. पौर्णिमेच्या.”

असं ते सुरू झालं. जीन विक्का मानणारी होती, म्हणजे चंद्र आणि देवी पूजणारा तिकडचा एक पंथ. तिच्या घरी दर पौर्णिमेला सहा-सात जण जमत, रिंगण करून उभे राहत, चार दिशांना नमस्कार करत, देवीचं नाव घेत. या छोट्या गटाला ते कव्हन म्हणत. हिचे प्रश्न संपेनात. सगळ्यात मोठा प्रश्न तिनं मराठीत माझ्या कानात विचारला. “ताई, तुम्हीच विचारा ना तिला. कपडे काढून नाचतात म्हणे!”

मी विचारलं. जीन म्हणाली, “काही लोक करतात तसं. पण माझ्या मागच्या खोलीतला हीटर चालत नाही.”

पुढच्या पौर्णिमेला जीननं तिला बोलावलं. आता घरी सांगायचं काय? तिनं खरं तेच सांगितलं. एका इंग्लिश बाईकडे पौर्णिमेची पूजा असते. सासूबाई हरखल्या. गोरी बाई सत्यनारायण करते म्हणजे काय! त्यांनी सोबत म्हणून मला पाठवलं आणि डबाभर शिरा दिला. कव्हनमध्ये शेवटी केक आणि वाइन देवीला दाखवून वाटतात. त्या संध्याकाळी शिरा वाटला गेला. दाढीवाल्या एका पोस्टमननं तीनदा मागून घेतला.

रिंगणात ती कशी उभी होती हे मी पाहिलं. सुरुवातीला अंग चोरून. मग जीननं सांगितलं, “एकदा रिंगण आखलं की मधूनच पाय टाकून जायचं नाही. पण जावंसं वाटलं तर नुसतं सांग, आम्ही दार उघडून देतो.” तिनं लगेच सांगितलं. जीननं हवेतच हातानं दार उघडलं. ही बाहेर आली, क्षणभर थांबली आणि परत आत गेली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. कुणीही का म्हणून विचारलं नाही. माझ्या गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, “ताई, खरंच सोडतात हो.”

वर्षभर आम्ही जात राहिलो. मला त्यातलं फारसं पटलं नाही. जीनचा केक मात्र पटला होता. हिवाळ्यात जीननं तिला विचारलं, “आता कायमची यायचंय का आमच्यात? आम्ही कुणाला ओढत नाही. तुझं तू मागायला हवंस.”

“घरी विचारून सांगते,” ती म्हणाली, आणि बोटावरची एप्रनची नाडी सोडवली.

विचारायची वेळच आली नाही. देवळात कुणीतरी सासूबाईंना सांगितलं की ती जीन विच आहे, चेटकीण. दुसऱ्या दिवसापासून ही कामावर आली नाही. फोन केला की सासूबाई म्हणत, “झोपलीय ती.” मी घरी गेले, तर दार बोटभर उघडलं. मागे जिन्यावर ती उभी दिसली. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली, नको म्हणून. नवऱ्यानं आतून विचारलं, “कोण आहे?” आणि दार लागलं.

फेब्रुवारीत कव्हनचा एक सण असतो. रविवारची दुपार होती, मी जीनच्या किचनमध्ये केटल लावत होते. बेल वाजली. दारात ती उभी होती. अंगावर कोट नाही, पायात घरातल्या सपाता, त्याही चिखलानं भिजलेल्या. सासूबाईंचा डोळा लागला होता, नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता.

“मला घ्या,” ती जीनला म्हणाली. “मीच मागतेय.”

दीक्षा देताना बाहेरच्यांना आत प्रवेश नव्हता. मी किचनमध्येच थांबले. बंद दारातून जीनचा आवाज आला, “स्वतःच्या इच्छेनं आलीस का?” उत्तर इतकं मोठ्यानं आलं की केटलच्या आवाजातही मला ऐकू आलं.

बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर तेलाचा ठिपका होता. जीन म्हणाली, “इथंच राहा. मदत करणारे लोक असतात, मी फोन करते.”

“माझी मुलगी घरी येईल ना,” ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिच्या घरचे तिला घेऊन लीड्सला गेले. पत्ता कुणालाच दिला नाही, आणि शोधायचं कसं हे आम्हाला कळलं नाही. जीनही आता नाही.

त्या दुपारी नवरा शोधत आलाच. रस्त्यावर गाडी उभी करून हॉर्न वाजवायला लागला. जीननं तिला आपले जुने बूट दिले होते, दोन साइज मोठे. ती बाहेरच्या कठड्यावर बसली आणि लेस बांधायला लागली. हॉर्न वाजतच होता. तिनं एक लेस बांधली, मनासारखी झाली नाही म्हणून सोडली, आणि सावकाश पुन्हा बांधली.