कडेवरचं मूल

नगरच्या तोफखान्यातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरांतल्या बायका विड्या वळायच्या. माझी आईही वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. वळलेल्या विड्या कारखान्यात न्यायच्या, तिथला तपासनीस त्यातल्या मनाला येतील तेवढ्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणत. छाटेची मजुरी मिळायची नाही आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. त्यांची बंडलं बांधून मालक खुशाल विकायचा.

या छाटेपायी आई लाल बावट्याच्या युनियनमध्ये गेली. रस्त्यात मोर्चा दिसला की मी मान खाली घालून पलीकडच्या बाजूने जायचे. एकदा तर त्यांचा मोर्चा कुठल्याशा लांबच्या देशातल्या लढाईविरुद्ध निघाला. वर्गातल्या मुलीने मला विचारलं, ‘‘तुझी आई तिकडे विड्या पाठवते का गं?’’ घरी येऊन मी आईवर डाफरले. ती पानं कापता कापता म्हणाली, ‘‘तिकडं मरत्यात ती बी आपल्यासारखीच हातावर पोट असलेली मान्सं हायेत. लढाईत कुन्या मालकाचं पोरगं मेल्यालं ऐकलंस का तू?’’

मला ते भाषणातून उचललेलं वाक्य वाटलं. माझ्यासाठी लढाई म्हणजे रणगाड्यांच्या संग्रहालयातली शाळेची सहल. रणगाड्यांसमोर उभं राहून आम्ही फोटो काढले आणि डबे खाल्ले. दुपारी कधी लष्कराच्या हद्दीतून सरावाचे धडाके ऐकू यायचे, वर्गाची तावदानं थरथरायची, आणि बाई फळ्यावर गणित तसंच पुढे चालू ठेवायच्या. इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

विड्यांचं काम हळूहळू आटलं. आईचे डोळे गेल्यात जमा झाले. मी पदवी घेतली आणि सावेडीकडे, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचं काम धरलं. पेपरात याच कामाला क्रांती वगैरे म्हणतात. ती क्रांती अशी, की समोर फोटो येतो आणि आपण त्यातल्या वस्तूभोवती चौकोन काढून तिचं नाव निवडायचं. त्यावरून मशीन शिकतं. आधी टोमॅटो होते, मग सिग्नल आणि रिक्षा. फोटो नापास झाला तर पैसे नाहीत. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘‘नापास फोटू माघारी देत्यात का?’’ मी नाही म्हटल्यावर ती हसली. ‘‘म्हंजी छाटच की.’’

समोरच्या घरातली सून रोज माझ्या मागे लागायची, ‘‘ताई, मला पन चिकटवा ना तिथं.’’ तिच्या नवऱ्याला एमआयडीसीतल्या ठेकेदाराने काढून टाकलं होतं. वर्षाचा मुलगा कडेवर घेऊन ती आमच्या उंबऱ्यात उभी राहायची. मी साहेबांना विचारते म्हणायचे.

मग फोटो बदलले. आता सगळं वरून घेतलेलं असायचं. सपाट गच्च्या, पाण्याच्या टाक्या, धुळीचे रस्ते, आणि लांब सावल्यांची बारकी माणसं. वाहतुकीचा सर्व्हे आहे, असं सांगितलं गेलं. माणसांचे दोन प्रकार करायचे होते, ‘रिकाम्या हाताचा’ आणि ‘हातात वस्तू असलेला’. वाहतूकवाल्यांना माणसाच्या हाताशी काय करायचंय? संध्याकाळी आईजवळ बसून लढाईच्या बातम्या बघताना तसल्याच गच्च्या बॉम्बने कोसळलेल्या दिसल्या, तेव्हा कळलं, ते हातात बंदूक शोधत होते.

एका फोटोत गच्चीवरून चाललेल्या बाईच्या कडेवर मूल होतं. स्पष्ट दिसत होतं, त्याचे पाय तिच्या कमरेभोवती होते. मी ‘रिकाम्या हाताचा’ निवडलं. फोटो नापास झाला. शेरा होता, ‘हातात वस्तू असलेला’ निवडा.

आमचे साहेब पुण्याचे, माझ्याहून लहान, फार अदबशीर. मी त्यांना बोलावून स्क्रीन दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं. ‘‘हो, मूल आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण मॅडम, मूल असा पर्यायच नाहीये. डोकं लावू नका, सूचना बघा.’’

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आमी काय करायचो? सूप मांडीवर घिऊन कारखान्याच्या दारात बसायचो आन हात न्हाई हलवायचो. मालक भाईर येऊस्तवर.’’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही तिघी हात मांडीवर ठेवून बसलो. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघींनाही पोरं आहेत, त्यांना जास्त समजवावं लागलं नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी धमकावलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी आमच्या स्क्रीन कोऱ्या झाल्या. साहेब पाण्याची बाटली घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुमचे फोटो दुसऱ्या सेंटरला गेले.’’ कुठल्या गावाला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मला भयंकर राग आला. आईला निदान मालकाचं दार तरी ठाऊक होतं. मी कुणाच्या दारात बसणार होते? हे काम कोण देतं हे साहेबांना माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो त्या गच्चीवरून चाललेल्या बाईला कधी बघणार नाही.

सोमवारपासून आम्हा तिघींना बोलावणं आलं नाही.

महिन्याभराने समोरची सून पेढे घेऊन आली. तिला काम लागलं होतं, त्याच ऑफिसात. मला न विचारता गेली म्हणून ती जरा ओशाळली होती, पण आनंद लपत नव्हता. तिच्यावर मी कोणत्या तोंडाने चिडणार? घरात तिच्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं.

‘‘अजून एक पन छाट न्हाई ताई माझी,’’ ती म्हणाली. सासू विड्या वळायची, तो शब्द तिच्या घरचाच होता.

मी विचारलं, ‘‘कडेवर मूल असलेली बाई आली तर काय निवडतेस?’’

तिने मुलाला जरा वर सरकवून घेतलं आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं पटकन सांगितलं, ‘‘हातात वस्तू.’’

आई भिंतीला धरून उठली. चाचपडत उंबऱ्यापर्यंत गेली आणि दोन्ही हात पुढे केले. ‘‘दी त्याला हिकडं.’’ सुनेला वाटलं, म्हातारीला लाड करायचेत. तिने हसत मुलाला आईच्या हातात दिलं आणि तशीच रिकाम्या हातांनी दारात उभं राहून मला नव्या कामाचं सांगत राहिली.