एकदाच आलेली माणसं

युद्धावरचं पुस्तक लोक पुढून उघडतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. प्रकाशकाच्या कचेरीत पानं लावण्याचं काम करतो मी. मुखपृष्ठावर रणगाडा, आत नकाशे, मधे आठ पानं फोटो आणि सगळ्यात शेवटी नामसूची, म्हणजे कोणाचं नाव कुठल्या पानावर आलंय त्याची यादी. सूचीची पानं लावताना मी खुशाल गाणी ऐकायचो. ती सूची माझ्या सासूबाईच करतात हे माहीत असूनही ऐकायचो, हे आधीच कबूल करतो.

सासूबाई हे काम जेवणाच्या टेबलावर करतात. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत कार्डं उभी लावलेली असतात, एका माणसाला एक कार्ड. लग्न नवीन होतं तेव्हा मी शहाणपणा केला होता, "आई, हे कॉम्प्युटर दोन मिनिटांत करतो."

"करू दे की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पान चाळीसवर 'आमचा ड्रायव्हर' म्हटलंय आणि पान एकशे सहावर नुसतं नाव आलंय. हा एकच माणूस आहे, हे सांगतो का तो तुमचा कॉम्प्युटर?"

मी गुपचूप चहा प्यायलो.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचं पुस्तक आलं. डोंगरावरची एक चौकी त्यांच्या तुकडीने एकोणीस दिवस कशी राखली, त्याची हकिगत. डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतायत आणि खालून माणसं पाठीवर वायरलेसच्या बॅटऱ्या, पाणी, गोळ्या घेऊन चढतायत. साहेबांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. बॅटऱ्या वाहणारे, स्ट्रेचर उचलणारे, जनरेटर दुरुस्त करणारा, स्वयंपाकी, सगळ्यांची पूर्ण नावं दिली होती. बहुतेकांचं नाव पुस्तकभरात एकदाच. अशी एकशे चौतीस नावं निघाली. सूची झाली आठ पानांची.

आता अडचण अशी, की पुस्तक छापतात सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये. शेवटच्या फॉर्ममध्ये मजकूर संपून बरोबर आठ पानं उरत होती, आणि त्यातली चार मालकांना हवी होती, आमच्याच इतर पुस्तकांच्या जाहिरातींसाठी.

"सूची चार पानांत बसवा," मालक म्हणाले. "एकदाच आलेली नावं उडवून टाका. कोण बघतंय मागे?"

मी हो म्हटलं. मालकांपुढे हो म्हणण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मग घरी गेलो आणि चपला काढता काढताच सासूबाईंना सांगून टाकलं.

त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. "ज्याचं नाव पन्नास पानांवर आहे, त्याला सूची लागते कशाला? पुस्तक कुठेही उघडा, तो भेटतोच. सूची लागते ती एकदाच आलेल्याला."

"पटतंय हो आई. पण जागा..."

त्या उठल्या, कपाटातून एक जुनं, कण्याला पट्टी लावलेलं पुस्तक घेऊन आल्या. त्यात खुणेला ठेवलेलं एक पिवळं पडलेलं बसचं तिकीट होतं. पान एकशे अठ्ठ्याण्णव.

"माझा मोठा भाऊ लष्कराच्या सिग्नलमध्ये होता. टेलिफोनच्या तारा जोडायचा," त्या म्हणाल्या. "लढाईत गेला. चार वर्षांनी त्या लढाईवर हे पुस्तक निघालं. बाबांनी आणलं. सूचीत शोधलं, भाऊ नाही. म्हणाले, मागे नसेल, आत असेल. बाबा लाकडाच्या वखारीत कामाला. अक्षरं मोठेपणी शिकलेले. पाळी संपवून घरी आले की खिडकीशी बसायचे आणि ओळीखाली बोट धरून वाचायचे. दिवसाला एक पान, कधी दीड. मी अभ्यास करत समोर बसायची. पण 'द्या बाबा, मी बघते' म्हणायचं मला सुचलं नाही हो! या तिकिटापाशी पोचले होते तेव्हा गेले. जाताना म्हणत होते, आपल्या पोराला विसरली ही माणसं."

"आणि?"

त्यांनी पुस्तक पुढे उघडलं. पान तीनशे अकरा, खालून चौथी ओळ. त्यांच्या भावाचं नाव आणि पुढे एवढंच, की तुटलेली तार जोडून परत येताना तो पडला, तार मात्र शेवटपर्यंत चालू राहिली.

"एकशे तेरा पानं राहिली होती बाबांची," सासूबाई म्हणाल्या. "मी नोकरीला लागल्यावर एका रविवारी सापडलं मला. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, सूची करायला कुठे शिकवतात."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. बायकोनेही हे पहिल्यांदाच ऐकलं. मला माझाच भयंकर राग आला. चार पानांसाठी मी मान डोलावून आलो होतो!

दुसऱ्या दिवशी ठरवलं, जागा काढायची म्हणजे काढायची. आमच्याकडे प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होतं. चाळता चाळता लक्षात आलं, की चार प्रकरणांचं शेपूट पुढच्या पानावर गेलंय. कुठे तीन ओळी, कुठे चार. तेवढ्या ओळी मागे ओढल्या तर चार पानं मोकळी. पण त्यासाठी चौदा ओळी कापायला हव्या होत्या, आणि लेखकाच्या ओळींना हात लावायचा म्हणजे आगीशी खेळ, त्यातून हे लष्करातले.

साहेब आले. मी जीव मुठीत धरून सगळं सांगितलं, तारेचंसुद्धा. त्यांनी माझ्या हातातली लाल पेन्सिल घेतली, ती चार प्रकरणं समोर ओढली. वरिष्ठांनी पाठ थोपटली ते कापलं. पदक मिळालं तो समारंभ कापला. आपल्या धाडसावरचं एक वाक्य होतं, ते तर दोनदा खोडलं.

"चौदा झाल्या का?" त्यांनी विचारलं.

"पंधरा झाल्या, साहेब."

"असू द्या. सूची कोणी केली?"

"माझ्या सासूबाईंनी!" मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या खोलीतले मालक बाहेर आले. त्यांनी पानं दोनदा मोजली आणि म्हणाले, "जाहिराती बसतायत ना? मग झालं."

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. त्या तुकडीतली माणसं आली होती, कोणाची बायको, कोणाचे आईवडील. दारातच प्रत्येकाला एक प्रत दिली. व्यासपीठावर पाहुणे बोलायला उभे राहिले आणि खाली सगळ्यांनी पुस्तकं उघडली. मागून. एका-दोघांनी नाही, अख्ख्या सभागृहाने. पाहुण्यांकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

आम्ही शेवटच्या रांगेत होतो. आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. जाड चष्मा, पानावर टेकवलेलं बोट. ते बोट सूचीच्या रकान्यावरून खाली खाली गेलं आणि थांबलं. ओठांनी आकडा पुटपुटत त्यांनी पानं मागे उलटली. पान दोनशे सतरा. पुन्हा बोट ओळीखाली. मग ते शेजारच्या अनोळखी बाईंकडे वळले.

"हा माझा मुलगा," ते म्हणाले. "स्ट्रेचर उचलायचा. सहा जणांना खाली आणलंय त्याने. लिहिलंय इथे, बघा."

सासूबाईंनी माझी बाही धरली. "किती वेळ लागला हो त्यांना?"

"मिनिटही नाही, आई."

"मिनिटही नाही," त्या म्हणाल्या, आणि भर सभेत रडायला लागल्या. लोक वळून बघत होते. मी त्यांच्या शेजारी छाती काढून बसून राहिलो. कोणीतरी विचारावं, या बाई कोण, एवढीच मी वाट बघत होतो.