तासाभराचं इंदूर

“दूध टिकंल का तवर?”

कोणी कुठल्याही गावाचं अंतर सांगितलं की मावशींचा हा प्रश्न ठरलेला. किलोमीटर त्यांना पटायचेच नाहीत. शिर्डीकडच्या बेलापुरात आमच्या गल्लीत दोन म्हशींवर घर चालवलेली बाई. शिंगणापूरपर्यंत दूध टिकतं, पुण्याचं उन्हाळ्यात सांगता येत नाही, मुंबईचं तर नावच काढू नका, असा त्यांचा नकाशा. तुमच्याही शेजारी असं कोणी असेल, स्वतःच्या मापाने जग मोजणारं. आमच्या मावशी सध्या इंदूरला आहेत आणि गल्ली फार शांत झाली आहे.

लेक तिकडे दिलेली. पहिलं बाळंतपण, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केल्यामुळे तिला माहेरी येता येईना. म्हणून मावशीच निघाल्या. लेकीने एकच मागितलं होतं, “आई, तुझ्या हातचा खरवस.” आणि नेमकी निघायच्या आदल्या दिवशी म्हैस व्याली, म्हणजे चिकाचं दूध घरातच.

गल्लीत विमानात बसलेला माणूस मी एकटा, तोही दोनदाच. त्यामुळे फार अधिकाराने बोललो. “शिर्डी ते इंदूर तासाभराचं विमान, मावशी. हवेतून चारशे किलोमीटरसुद्धा भरत नाही.”

“तासाभरात? मंग हितनं वाफवून कशाला न्यायचा? कच्चा चीकच नेते. तिथं गरम गरम करून घालते पोरीला.”

“न्या की. कॅन सामानात देऊ नका, सांडेल. हातातच धरा.”

चुकलो तो इथे. घरापासून विमानतळ, तिथलं थांबणं, उतरल्यावर लेकीचं घर, यातलं मी काहीच धरलं नाही. आणि पातळ पदार्थ हातात नेऊ देत नाहीत, हे तर मला माहीत होतं. ऐटीत विसरलो.

त्यांना विमानतळावर सोडून मी बाहेर थांबलो होतो. आतून फोन आला. “अवो भाऊ, ह्यो साहेब न्हाईच म्हनतोय. मी म्हनलं, बाबा, ह्यो चीक हाय, पानी न्हाई. तुज्या आईला इचार! तर म्हनतो, इथंच पी न्हाईतर ठेव. एवढा कॅन कोन पिनार?” मागे कोणीतरी हसत होतं. मग मावशींचा आवाज बारीक झाला. “पोरगी वाट बघतीया वो.”

“नियमच विचित्र आहेत, मावशी,” मी म्हणालो आणि मोकळा झालो.

एका शिपायाने कॅन दाराशी आणून दिला. थोड्या वेळाने विमान माझ्या डोक्यावरून गेलं. संध्याकाळी अख्ख्या गल्लीने खरवस खाल्ला. मी माझी वाटी तशीच परत दिली.

दुसऱ्या सकाळी, म्हशींपाशी मागे राहिलेल्या मावशींच्या मुलाकडून ताजा चीक मागून घेतला. बायकोने गूळ-वेलदोडा घालून वाफवला, बर्फाच्या पेटीत डबा ठेवला, आणि मी गाडी काढली. रस्त्याने दिवस गेला. दर चहाला थांबलो की झाकण उघडून वास घ्यायचो.

दार मावशींनीच उघडलं. “आगं बया! भाऊ, तुमी? वाट चुकून आलात का काय?”

आतून लेक पोट सावरत आली. तिने डबा उघडला आणि उभ्याउभ्याच एक वडी तोंडात टाकली. मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या.

मला खुर्ची दिली होती, पण बसवेना.

“मावशी, नियमांचं काही चुकलं नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. हा खरवस तुमच्या हातचा नाही; तुमच्या हातचा माझ्यामुळे राहिला. मला माफ करा.”